चार हात, दोन हात, एक हात

आज इतिहासाचा तास आहे, पण राजे-रजवाड्यांचा नाही. एका हत्याराचा.

आपला 'करवत' हा शब्द संस्कृतातल्या 'करपत्र' या शब्दावरून आला. कर म्हणजे हात आणि पत्र म्हणजे पान किंवा पातं. हाताचं पातं ते करपत्र, आणि त्याचीच पुढे झाली करवत. चौतीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवल्यामुळे शब्दाची फोड केल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही, तेवढं सांभाळून घ्या. पण या शब्दात हात आहे एवढं ध्यानात ठेवा. पुढची सगळी गोष्ट त्या हाताचीच आहे.

आमच्या दापोलीकडे हल्ली सकाळी कोंबड्याच्या आधी चेनसॉ आरवतो! कुणी त्याला कटर म्हणतं, कुणी नुसतंच मशीन. चेनसॉ म्हणजे साखळीची करवत. एका लांबट पोलादी पट्टीभोवती सायकलच्या चेनसारखी साखळी फिरते, त्या साखळीला दात असतात आणि ती फिरवायला पेट्रोलचं छोटं इंजिन असतं. दोरी ओढली की सुरू. जे खोड आडवं करायला पूर्वी दोन गड्यांचा अख्खा दिवस जायचा, ते आता चहा होईपर्यंत आडवं होतं. लोक म्हणतात, काय सोय झाली! सोय झाली यात शंकाच नाही. पण ही सोय आपल्या दारापर्यंत कुठून कुठून आली आणि येताना वाटेत तिने कुणाचं काय घेतलं, हे सहसा कोणी विचारत नाही. निवृत्त मास्तरांना वेळ भरपूर. पुतण्याच्या मदतीने बरंच वाचून काढलं, तेच इथे मांडतो.

आधी जुनी करवत. १९५५-६० च्या सुमारास, म्हणजे माझ्या लहानपणी, घर बांधायचं तर लाकूड चिरायला आरा ओढणारे गडी बोलवत. ओंडका उंच घोडीवर चढवायचा. गेरूत बुडवलेलं सूत ताणून त्यावर रेघ मारायची. एक गडी ओंडक्यावर उभा, एक खाली जमिनीवर, आणि दोघांच्या हातात मिळून एकच लांब आरा. वरच्याने रेघ सांभाळायची, खालच्याने ओढायचं. दिवसभर तो घसर-घसर आवाज, आणि संध्याकाळी मोजून थोड्या फळ्या. आमच्या माजघरातल्या फळ्या अशाच चिरलेल्या आहेत. त्यांच्यावर आऱ्याच्या दातांच्या सरळ रेघा अजून दिसतात. गिरणीच्या गोल पात्याने चिरलेल्या फळीवर त्याच रेघा कमानदार असतात. जुन्या घरात गेलात तर जरूर पाहा, घराचं वय कळायला मदत होते.

आता कोणी म्हणेल, जुनं ते सोनं. त्याने त्या खालच्या गड्याला विचारावं. फणसाचा पिवळा भुसा त्याच्या डोळ्यांत, केसांत, नाकात जायचा. रात्री खोकला. चाळिशीत कंबर गेलेली. ते दिवस परत यावेत असं मला मुळीच वाटत नाही. मात्र त्या आऱ्याची एक खोड चांगली होती. माणसाने हात थांबवला की तो थांबायचा. त्याला स्वतःची अशी ताकदच नव्हती. आणि चारही हात मुठींवर असल्यामुळे दातांसमोर यायला एकही हात मोकळा नसायचा.

आता साखळीकडे वळू. आश्चर्य वाटेल, पण दात असलेली साखळी पहिल्यांदा लाकडावर चाललीच नाही. ती चालली माणसाच्या हाडावर! अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमध्ये जॉन एटकेन आणि जेम्स जेफ्रे या दोन डॉक्टरांनी घडीची, वाकणारी करवत वापरात आणली. एटकेनच्या १७८५ च्या प्रसूतिशास्त्रावरच्या पुस्तकात तिचं चित्र आहे. अडलेल्या बाळंतिणीच्या कमरेच्या हाडांचा पुढचा सांधा कापून बाळाला वाट करून देण्यासाठी ती होती. जेफ्रेच्या डोक्यात किडलेलं हाड कापून काढण्याचं काम होतं. बारीक दातांची साखळी, दोन टोकांना दोन मुठी, हाडाच्या मागून ओवायची आणि आळीपाळीने ओढायची. 'चेनसॉचा शोध बाळंतपणासाठी लागला' असं एक सनसनाटी वाक्य सगळीकडे फिरत असतं, ते म्हणून अर्धंच खरं. त्या साखळीला ना इंजिन होतं ना ती गोल फिरत होती. पुढे १८३० मध्ये बर्नहार्ड हाइने या जर्मन माणसाने पट्टीभोवती सलग फिरणारी साखळी आणि ती फिरवायला हँडल, असं हाड कापण्याचं यंत्र केलं. आजच्या चेनसॉचा खरा पणजोबा तो. लक्षात घ्या, ईथर देऊन रुग्णाला बेशुद्ध करण्याची जाहीर शस्त्रक्रिया १८४६ ची. त्याआधी सगळं जागेपणीच. छिन्नी-हातोडीच्या घावांपेक्षा साखळी बरी, असं त्या काळच्या डॉक्टरांना वाटलं यात नवल नाही.

हाडावरून लाकडावर यायला पाऊणशे वर्षं गेली. सॅन फ्रान्सिस्कोच्या सॅम्युएल बेन्सला १९०५ मध्ये सलग साखळीच्या करवतीचं अमेरिकन पेटंट मिळालं. डोळ्यांसमोर होते कॅलिफोर्नियातले राक्षसी रेडवूड वृक्ष. पण गोष्टीला खरा वेग आला तो जर्मनीत. आंद्रेआस श्टील या तरुण इंजिनिअरने १९२६ मध्ये विजेवर चालणारी साखळी करवत बनवली. एमिल लेर्प याने १९२७ मध्ये पेट्रोलवर चालणारी करवत थुरिंगिया भागातल्या डोलमार नावाच्या डोंगरावर चालवून दाखवली, आणि त्याच डोंगराचं नाव आपल्या मालाला दिलं. १९२९ मध्ये श्टीलचंही पेट्रोल मशीन आलं. जंगलात वीज कुठून आणणार? म्हणून पेट्रोल.

ही मशिनं उचलायलाच दोन माणसं लागत. एक इंजिनाच्या बाजूला, दुसरा पट्टीच्या टोकाला. म्हणजे आमच्या आऱ्यासारखेच चार हात! फरक इतकाच की आता ताकद माणसाची नव्हती.

पुढची तीस-चाळीस वर्षं सगळं डोकं लागलं ते वजन उतरवण्यात. हलके मिश्रधातू आले. सुरुवातीच्या कार्ब्युरेटरमुळे इंजिन सरळ उभंच धरावं लागे, तिरकं केलं की बंद पडे. पडद्याचा कार्ब्युरेटर आला आणि मशीन आडवं-उभं कसंही धरता येऊ लागलं. अमेरिकेत मॅककलक कंपनीने १९४९ मध्ये पंचवीस पौंडी, म्हणजे साधारण ११ किलोंचं, एका माणसाचं मशीन आणलं. श्टीलचं एकट्याने चालवायचं मशीन १९५० मधलं. आता आकडे पाहा. १९२९ चं श्टीलचं पेट्रोल मशीन ६ अश्वशक्तीचं, वजन ४६ किलो. त्याच कंपनीचं १९५९ चं 'कॉन्ट्रा' हे मशीन ६ अश्वशक्तीचं, वजन १२ किलो. आणि आज ६ अश्वशक्तीचं मशीन पट्टी-साखळी सोडून सुमारे ६ किलोंचं मिळतं. ताकद तीच, वजन आठवा हिस्सा. वर्गात असतो तर हे तीन आकडे फळ्यावर एकाखाली एक लिहिले असते आणि मुलांना विचारलं असतं, 'यात काय वाढलं, सांगा?' वाढला तो धोका, कारण तितकीच ताकद आता कुणाच्याही हातात मावू लागली.

मधेच एक गमतीची गोष्ट. जुन्या साखळीचे दात साध्या करवतीसारखे होते. ते लाकूड खरवडायचे, लवकर बोथट व्हायचे आणि धार लावण्यात निम्मा दिवस जायचा. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात जोसेफ कॉक्स नावाचा एक लाकूडतोड्या होता. १९४६ मध्ये त्याचं लक्ष एका लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळीकडे गेलं. ती एवढीशी अळी, पण लाकडाच्या रेषेला धरून काय आणि रेषेच्या आडवी काय, सारख्याच सहजतेने पोखरत होती. तिचे जबडे इंग्रजी 'सी' अक्षरासारखे वळलेले, एक डावीकडे, एक उजवीकडे. कॉक्सने घराच्या तळघरात बसून तशाच वळणाचे पोलादी दात घडवले आणि १९४७ मध्ये ती साखळी बाजारात आणली. आज आपल्या गावात फिरणाऱ्या साखळीचे दातही त्याच अळीचे वंशज आहेत. आपल्या गोष्टीतल्या लाकूडतोड्याला देवाने सोन्याची कुऱ्हाड देऊ केली होती, या लाकूडतोड्याला अळीने करवत दिली!

असो. वजन उतरलं, दात सुधारले, वेग वाढला. आजच्या मशीनची साखळी सेकंदाला सुमारे २० मीटर पळते. ताशी ७२ किलोमीटर. आमची घाटातली एस.टी. याच्या निम्म्यानेही जात नाही. आणि आता मुख्य प्रश्न: ही साखळी झटक्यात थांबवायची सोय कधी आली?

चेनसॉला एक वाईट सवय आहे. पट्टीच्या टोकाचा वरचा कोपरा कशाला टेकला की दात तिथे अडकतात आणि साखळीची सगळी ताकद उलट फिरून मशीन वर आणि मागे, थेट चालवणाऱ्याच्या तोंडाकडे, गळ्याकडे, खांद्याकडे उसळी घेतं. डोळ्याचं पातं लवायच्या आत हे होतं. माणूस कितीही हुशार असो, एवढ्या वेळात त्याला काही करता येत नाही. यावर उपाय म्हणून पुढच्या मुठीसमोर एक ढाल बसवली गेली. मशीन उसळलं की ढाल मनगटावर आपटते, ब्रेक लागतो आणि साखळी जागच्या जागी थांबते. साधी, सोपी गोष्ट. पण जर्मन आणि स्वीडिश कंपन्यांनी ती आणली १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला. म्हणजे मशीन एकट्या माणसाच्या हातात आल्यानंतर सुमारे वीस वर्षांनी! आधी कापणं आलं आणि थांबणं फार उशिरा आलं. मधल्या वीस वर्षांत जे गेले, ज्यांचे चेहरे फाटले, त्यांच्या जिवावर आपल्याला ती ढाल मिळाली आहे.

दुसरं दुखणं थरथरीचं. हे हळूहळू येतं. डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन या अमेरिकन बाईंनी १९१८ मध्ये इंडियाना राज्यातल्या दगड घडवणाऱ्या कामगारांचे हात तपासले होते. हवेच्या दाबाच्या हातोड्यांनी त्यांची बोटं थंडीत पांढरी पडत आणि बधिर होत. तेच पुढे चेनसॉवाल्यांच्या नशिबी आलं, आणि त्याची सगळ्यांत मोठी कहाणी जपानची आहे.

सप्टेंबर १९५४ मध्ये जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो भागात भयंकर वादळ झालं. तोया मारू ही बोट बुडून हजारांवर माणसं गेली, म्हणून त्या वादळालाही तेच नाव पडलं. जंगलंच्या जंगलं आडवी झाली. पडलेलं लाकूड कुजायच्या आत उचलायचं होतं आणि हातकरवतीने ते होण्यासारखं नव्हतं, म्हणून सरकारी जंगलांत चेनसॉ आले. दहा वर्षांत कामगारांची बोटं मेणासारखी पांढरी पडू लागली. तिकडे त्या आजाराला नावच पडलं 'पांढऱ्या मेणाचा आजार'. मग आरडाओरडा झाला, संघटना भांडल्या, कामामुळे होणारा आजार म्हणून त्याला मान्यता मिळाली, आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस सरकारी जंगलात मशीन दिवसाला दोनच तास चालवायचं असं ठरलं. त्याच दशकात मुठी आणि इंजिन यांच्यामध्ये रबर किंवा स्प्रिंगा बसवून थरथर कमी केलेली मशिनंही येऊ लागली.

वादळामागून मशीन येतं, आणि मशीनमागून दुखणं. जपानचं हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो. कारण आमच्याकडेही अगदी असंच झालं.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. रायगड आणि आमचा उत्तर रत्नागिरीचा पट्टा त्याने झोडपून काढला. पिढ्यान्‌पिढ्यांचे आंबे, फणस, नारळी-पोफळी एका दुपारीत झोपल्या. रस्ते बंद, वीज नाही, फोन नाही, त्यात कोरोनाची टाळेबंदी. तोवर आमच्या वाडीच्या आसपास दोन-तीन चेनसॉ असतील. महिन्याभरात डझनभर झाले. घाटावरून माणसं मशिनं घेऊन आली. मुंबईहून टाळेबंदीत परतलेली आमची तरुण मुलं, ज्यांनी कधी कोयताही नीट धरला नव्हता, ती रोजंदारीवर मशीन चालवायला लागली.

आणि वादळात पडलेलं झाड हे उभ्या झाडापेक्षा कितीतरी कपटी असतं. फांद्या जमिनीखाली दबून धनुष्यासारख्या ताणलेल्या असतात, कापल्या की सुटतात. उन्मळलेल्या झाडाचा बुंधा कापला तर मुळांचा भला मोठा गड्डा खाड्‌कन उभा राहतो. जानेवारी २००५ मध्ये स्वीडनमध्ये गुद्रुन नावाचं वादळ झालं, त्यात सुमारे साडेसात कोटी घनमीटर लाकूड पडलं. जंगलातल्या कामात मुरलेला तो देश, तरीही वादळाच्या रात्री जितकी माणसं गेली त्याहून जास्त नंतर ती झाडं उचलताना गेली. मग आमच्या पोरांचं काय?

त्या पोरांत माझा एक जुना विद्यार्थी होता. नाव लिहीत नाही. एका ठेकेदाराकडे रोजावर लागला. ठेकेदाराने हातात मशीन दिलं. त्याच्यावरची ती पुढची ढाल काढून टाकलेली होती, 'कामात मधे मधे येते' म्हणून. पडलेल्या आंब्याच्या फांद्यांत काम करताना टोक पलीकडच्या फांदीला लागलं आणि मशीन उसळलं. डावा हात मनगटाच्या वर उघडला. रस्त्यात अजून झाडं पडलेली, टेम्पोने तालुक्याला न्यायला दीड तास लागला. हात वाचला, पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वळत नाही. मी भेटायला गेलो तेव्हा तो एकच वाक्य परत परत सांगत होता, "सर, मी बोट काढलं होतं हो. सोडलं होतं मी मशीन. पण ते थांबलंच नाही."

त्याचं बरोबर होतं. दाब सोडला तरी साखळी क्षणभर फिरतच राहते. तो क्षण वाचवण्यासाठीच तर ती ढाल असते. १९७० च्या दशकात लागलेला शोध २०२० मध्ये एका माणसाने पान्याने खोलून बाजूला ठेवला होता. ठेकेदाराने पहिलं बिल भरलं आणि नंतर म्हणाला, "चालवणाऱ्याची चूक."

आता हे चेनसॉपुरतंच आहे का? मुळीच नाही. यंत्रांचे अपघात आठवू लागलो तर प्रत्येक वेळी गोष्ट फिरून तिथेच येते. १९७५ च्या सुमाराचं सांगतो. जिथे नोकरीला होतो त्या गावच्या वखारीत डिझेल इंजिनावर पट्ट्याने फिरणारं गोल पातं होतं. पात्यावर लोखंडी झाकण होतं म्हणे, पण ते मी भिंतीला टेकवून ठेवलेलंच पाहिलं. तिथल्या एका मिस्तरीची दोन बोटं त्या पात्याने नेली. तो पुढे तंबाखू मळायचा तो उरलेल्या बोटांनी, आणि मुलांना हसून सांगायचा, "मला आठपर्यंतच पाढे येतात."

अशा बोटांचा हिशेब कायद्यानेही मांडून ठेवला होता. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात कोणतं बोट गेलं तर कमाईची ताकद किती टक्के गेली असं धरायचं, याचं कोष्टक होतं. अंगठा ३०, तर्जनी १४, मधलं बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७. आम्हा गुरुजी लोकांचा आणि अंगठ्याचा संबंध जुनाच, म्हणून ते ३० वाचताना एकलव्य आठवला. पण हे टक्के तरी मिळणार कुणाला? ज्याची नोकरी कागदावर आहे त्याला. आणि चालत्या यंत्राच्या धोकादायक भागाला संरक्षक जाळी-झाकण हवंच, असं १९४८ च्या कारखाना कायद्यात स्पष्ट होतं, पण तो लागू व्हायला यंत्रशक्तीवर चालणाऱ्या जागी किमान दहा कामगार लागत. २०२० च्या नव्या संहितेत ती संख्या वीस झाली. आंब्याच्या बागेत एक ठेकेदार आणि तीन पोरं. त्यांना कुठला कायदा मोजणार?

सगळेच अपघात काही रडवणारे नसतात. आमच्या शेजाऱ्यांनी हौसेने ड्रिल मशीन आणलं आणि देवाची फळी लावायला जांभ्याच्या भिंतीत घातलं. जांभा म्हणजे कुठे लोणी, कुठे लोखंड. टोक अडकलं, मशीन जागच्या जागी फिरायचं थांबलं आणि त्याऐवजी शेजारी फिरले! स्टूल एकीकडे, चष्मा एकीकडे, मनगट महिनाभर गळ्यात. वहिनी म्हणाल्या, "देवाला जमिनीवरच बरं वाटत होतं." हसलो सगळे. मात्र हल्ली एक प्रकार पाहतो त्याचं हसू येत नाही. फरशी-लोखंड कापायच्या ग्राइंडरचं झाकण काढून त्याला लाकूड कापायचं दातेरी पातं लावतात. ग्राइंडर लाकडासाठी नाही, त्याचा वेग त्या पात्याला झेपणारा नाही, पातं अडकलं की ते हातातून सुटून मांडीत किंवा पोटात जातं. शंभर-दीडशे रुपयांची बचत असते.

आता बॅटरीचा जमाना आला आहे. कॅलिफोर्नियात माझा भाचा असतो. त्याच्याकडून कळलं की तिथे २०२४ पासून बागकामाच्या बहुतेक छोट्या पेट्रोल इंजिनांच्या नव्या मालावर निर्बंध आले, धुरामुळे. त्याच्याकडे बॅटरीचा चेनसॉ आहे. धूर नाही, दोरी ओढणं नाही, कानठळ्या नाहीत, थरथर कमी, आणि दाब सोडला की लवकर थांबतो. पेट्रोलच्या जुन्या मशीनशी तुलना केली तर घरगुती कामाला नवं नक्कीच बरं. हे मान्य करायला मला अजिबात जड जात नाही. पण त्याच लाटेवर आपल्याकडे वीतभर पट्टीचे 'मिनी चेनसॉ' घरपोच येऊ लागले आहेत. खेळण्यासारखे दिसतात, आणि जाहिरातीत माणूस ते एका हाताने चालवताना दाखवतात. दुसऱ्या हाताने तो काय करतो, पाहिलंत? फांदी धरतो.

म्हणजे बघा हं. आऱ्याला चार हात लागत. चेनसॉ दोन हातांवर आला. हे नवं खेळणं एका हातावर आलं. प्रत्येक वेळी हात मोकळे होत गेले, आणि मोकळा झालेला हात नेमका पात्यासमोर जाऊन बसला. 'आपला हात जगन्नाथ' म्हणताना आपल्याला वाटतं, हात असला की सगळं मिळेल. खरं आहे, पण हात असला तर!

माझा तो विद्यार्थी आता मशीन चालवत नाही, पण गोल कानशीने साखळ्यांना धार लावून देतो. कानस धरायला ती दोन बोटं लागत नाहीत, असं म्हणतो. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेलं आणि पुन्हा झाडं पडली, तेव्हा त्याच्याकडे मशिनांची रांग लागली होती. ज्या मशीनला ढाल नाही त्याला तो धार लावून देत नाही. गिऱ्हाईक ओरडतं, दुसरीकडे जाईन म्हणतं. "जा," म्हणतो. चौतीस वर्षांत मी त्याला काय शिकवलं देव जाणे, पण आता मीच त्याच्याकडून शिकतो.

तुमच्यातले बरेच जण मुंबई-पुण्यात बसून गावच्या बागेतलं झाड तोडायला फोनवरून माणूस ठरवता. पुढच्या वेळी 'किती घेणार?' एवढं विचारून फोन ठेवू नका. मशीनला पुढची ढाल आहे का आणि ती ढकलली की साखळी थांबते का, ते विचारा. पायात बूट आहेत का, डोळ्यांवर चष्मा आणि डोक्यावर हेल्मेट आहे का, तेही विचारा. चेनसॉवाल्यांसाठी खास पँट मिळते. तिच्या आत लांब धाग्यांचे थर असतात, दात कापडात शिरले की ते धागे ओढले जाऊन चाकात गुंततात आणि साखळी ठप्प होते. महाग आहे, पण वाडीत मिळून एक घेता येईल. आमच्या वाडीत घेतली आहे, गणपतीच्या वर्गणीतून उरलेल्या पैशांत. सध्या ती माझ्याच पडवीत दोरीवर टांगलेली असते. कुणाला हवी असेल तर घेऊन जावी आणि काम झालं की धुऊन आणून द्यावी.